दाराला लागलेली तीन मिनिटे

शाळेतून चिठ्ठी आली तेव्हा तिला पुरावाही जोडलेला होता. धाकट्याच्या भूगोलाच्या वहीतला जगाचा नकाशा होता तो, आणि त्यातला प्रशांत महासागर धाकट्याच्या लाळेने खरोखरच ओला झालेला होता. चौदा वर्षांचा हा मुलगा दुसऱ्या तासाला नकाशावर डोके ठेवून झोपला आणि घंटा झाल्यावरही उठला नाही, असे चिठ्ठीत नमूद होते. खाली, न्यायालये ज्या सुरात शिक्षा सुनावतात त्या सुरात, घरी मुलांच्या झोपेची वेळ निश्चित करण्याची विनंती होती.

चिठ्ठी ज्यांच्या हाती पडली ते वडील शहराच्या बस आगारात वेळापत्रके आखत. एकोणीस वर्षे त्यांनी गाड्या, चालक आणि मिनिटे यांखेरीज कशाचाही गंभीरपणे विचार केला नव्हता. कचेरीत त्यांना मिनिटराव म्हणत. तोंडावर नव्हे, पण ऐकू जाईल इतक्या जवळून. आगाराची बासष्ट पानांची नियमावली त्यांनीच लिहिली होती, आणि ती शेवटपर्यंत वाचलेला जगातला एकमेव माणूस आपणच, अशी त्यांची खात्री होती. ही खात्री पुढे खोटी ठरली.

चिठ्ठीपाठोपाठ पालकांची सभा झाली. विषय होता ‘किशोरवयीनांची झोप आणि पालकांचे कर्तव्य’. पाहुण्या वक्त्यांनी पडद्यावर मेंदूचे रंगीत चित्र दाखवले आणि सांगितले की या वयात मेंदूला रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी लवकर जाग येत नाही. हा मुलांचा आळस नसून निसर्गाची रचना आहे. आणि त्यांना नऊ तास झोप हवीच. मागच्या रांगेतल्या एका आईने विचारले, मग शाळा सकाळी सातला का भरते? वक्त्यांनी मुख्याध्यापिकेकडे पाहिले, मुख्याध्यापिकेने घड्याळाकडे पाहिले, आणि घड्याळाने, ज्याच्या अंगी त्या सभागृहातली सर्वाधिक प्रामाणिकपणा होता, पुढचे मिनिट दाखवले. सभा संपली. जी संस्था मुलांची झोप पहाटे काढून घेते तीच ती रात्री शोधून आणण्याचे काम पालकांवर सोपवते, आणि पालक घरी जाऊन मुलांना रागावतात. जगातल्या बहुतेक व्यवस्था याच तत्त्वावर सुरळीत चालतात.

मिनिटराव मात्र रागावले नाहीत. त्यांनी कागद घेतला.

या घरात एक गोष्ट होती जी त्या कागदावर येणार नव्हती, कारण मिनिटरावांना ती ठाऊकच नव्हती. मुलांची आई रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दुपारपाळीला होती. दोन ते दहा. ती सव्वाला घर सोडी आणि मुले शाळेतून दोनला परतत. सकाळी मुले निघत तेव्हा ती झोपलेली असे, कारण पहाटे पाचला उठून डबे भरण्याचे काम मिनिटरावांनी स्वतःकडे घेतले होते आणि त्यासाठी ते रात्री दहाला झोपत. तेव्हा आई आणि मुले एकाच वेळी जागी असण्याचा दिवसातला काळ म्हणजे रात्री पावणेअकराला ती घरी आल्यापासूनची वीस मिनिटे. थोरली सोळा वर्षांची. ती आईचे जेवण गरम करी. धाकटा आईच्या पायांखाली स्टूल सरकवी. मग तिघे स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसत. तीन वर्षे हे चालले होते. कोणी लपवले नव्हते; झोपलेल्या माणसाला सांगायचे कसे, एवढाच प्रश्न होता.

मिनिटरावांचे गणित उलट्या दिशेने चालत गेले, कारण वेळापत्रक नेहमी शेवटापासून आखायचे असते. शाळा सातला. बस सहा पंचवीसला. उठणे पावणेसहाला. नियमावलीतही चालकाला दोन कामांच्या मध्ये नऊ तास विश्रांती सांगितलेली होती. वक्त्यांचा मेंदू आणि मिनिटरावांची नियमावली यांचे असे एकमत झाल्यावर वादाला जागा उरली नाही. पावणेसहातून नऊ तास वजा. दिवे बंद, पावणेनऊ.

“पावणेनऊ?” थोरली म्हणाली. “बाबा, पावणेनऊला तर शेजारचं बाळसुद्धा जागं असतं.”

“त्या बाळाला सहा पंचवीसची बस नसते.”

“मला नऊनंतरच अभ्यास सुचतो.”

“सुचणं हा प्रकार वेळापत्रकात बसत नाही.”

धाकटा फक्त बहिणीकडे पाहत राहिला आणि बहिणीने मान खाली घातली. दोघांच्याही मनात एकच आकडा होता, पावणेअकरा, आणि तो उच्चारायचा तर बरेच काही उच्चारावे लागले असते. या वयात माणूस जगातल्या कोणत्याही विषयावर तासभर वाद घालू शकतो. फक्त आई आपल्याला आवडते, एवढे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर तक्ता लागला आणि फ्रिजवरच, दोरीला बांधलेल्या पेनासह, एक नोंदवही आली. रकाने चार: नाव, ड्यूटी समाप्तीची वेळ, सही, आणि विलंब असल्यास कारण.

इथे पहिली अडचण उभी राहिली. पावणेनऊला झोपायचे तर पावणेआठला जेवायला हवे. आई अर्धी तयारी करून जाई, उरलेला स्वयंपाक मिनिटरावांचा. तेव्हा त्यांनी सव्वासातला घरी असायला हवे. त्यांची कचेरी साडेसहाला सुटे आणि अकरा क्रमांकाची बस आगारातून सात पाचला निघून त्यांना सात चाळीसला घराजवळ सोडी. पंचवीस मिनिटे कमी पडत होती. दुसरा एखादा बाप अशा वेळी जेवण वीस मिनिटांत उरकण्याचा विचार करतो. मिनिटरावांनी बस पंचवीस मिनिटे अलीकडे घेतली.

त्यात स्वार्थ होता असे त्यांना वाटले नाही. सहा चाळीसला गाडी सुटली तर साडेसहाला सुटणाऱ्या साऱ्याच कचेऱ्यांना सोयीचे, असा शेरा त्यांनी लिहिला आणि तो खराही होता. मात्र बसच्या फेऱ्या साखळीसारख्या असतात. तीच गाडी तोच चालक रात्रीपर्यंत फिरवतो, आणि संगणकावर एक फेरी सरकवली की तिच्या मागच्या साऱ्या मुकाट सरकतात. म्हणून सुधारित कागद सहीपूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, हा नियम मिनिटरावांनीच केला होता. त्या संध्याकाळी, एकोणीस वर्षांत प्रथमच, त्यांनी तो वाचला नाही. त्यांना घरी जायची घाई होती.

नवे वेळापत्रक आणि नवी झोप एकाच सोमवारी लागू झाली. मिनिटराव सव्वासातला घरी आले, पावणेआठला जेवण झाले, आठ त्रेचाळीसला दोन्ही मुलांनी वहीत सह्या केल्या आणि पावणेनऊला दिवे बंद झाले. इतके सुरळीत काही घडले की अनुभवी माणसाने घाबरावे. मिनिटराव अनुभवी होते, पण बसच्या बाबतीत. दहाला ते समाधानाने आडवे झाले.

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“बस गेली,” बायको म्हणाली.

“दहा पाचची दहा पाचलाच जाणार. आज तुला उशीर झाला असेल.”

“मी रोजच्याच वेळेला आलेय. आणि दहा पाचची गेली नाहीये. नऊ चाळीसची गेलीय. दहा पाचची आता नाहीच म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“थांब्यावर कागद लावलाय. खाली सही आहे. अहो, सही ओळखीची वाटतेय.”

मिनिटराव अंथरुणात उठून बसले. त्यांच्या डोळ्यांपुढून साखळीच्या कड्या एकेक करून सरकत गेल्या आणि शेवटची ओळ, जी त्यांनी वाचली नव्हती, ती अंधारात स्वच्छ दिसली.

“पुढची अकरा दहाला आहे,” ते म्हणाले.

“ते कागदावर वाचलं मी. फोन माहितीसाठी नव्हता केला.”

शहरातल्या दोनशे गाड्या हलवणाऱ्या या गृहस्थाकडे स्वतःची सायकलही नव्हती. ते बैठकीत खुर्ची ओढून दिवा न लावता वाट पाहत बसले. पावणेबाराला दाराशी किल्ली वाजली, आणि तीन तासांपूर्वी ज्यांनी झोपेची सही केली होती ती दोन्ही मुले आपल्या खोलीतून इतक्या सहजतेने बाहेर आली, की ही फेरी फार जुनी असावी हे कोणत्याही वेळापत्रककाराच्या ध्यानात यावे. थोरलीने गॅस पेटवला. धाकट्याने स्टूल सरकवले. अंधारातल्या खुर्चीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

“झोपला नाहीत अजून?” आई म्हणाली. आवाजात रागही होता आणि तो टिकणार नाही याची जाणीवही.

“झोपलो होतो ना. आडवे झालो होतो,” धाकटा म्हणाला. “आई, आज नकाशा पुन्हा काढून दिला. समुद्र कोरडा ठेवला.”

ती हसली. मिनिटराव ऐकत राहिले. ते हसू त्यांच्या ओळखीचे होते, पण बऱ्याच दिवसांत भेटले नव्हते. उठून आत जावे असे त्यांना वाटले. मग तिथे तीनच स्टुले आहेत हे त्यांनी पाहिले आणि ते हलले नाहीत. बारा वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातला दिवा गेला. पावणेनऊच्या झोपेचा पहिला परिणाम म्हणजे मुले एरवीपेक्षा एक तास उशिरा झोपली.

परिणाम साठत गेले. मंगळवारी धाकटा गणिताच्या तासाला झोपला. बुधवारी थोरली बसमध्ये झोपली, शाळा मागे पडली, आणि ती शेवटच्या थांब्यावरून परत येईपर्यंत पहिला तास संपला होता. गुरुवारी शाळेने दुसरी चिठ्ठी पाठवली: घरी झोपेची वेळ ठरलेली दिसत नाही, ती कृपया ठरवावी. मिनिटरावांनी वेळ आणखी पंधरा मिनिटे अलीकडे घेण्याचा विचार केला. त्यासाठी बस सहा पंचवीसला सोडावी लागली असती, म्हणजे तिच्यात बसायला ते स्वतः साडेसहापर्यंत मोकळे झाले नसते. केवळ या एका कारणाने शहर आणखी एका सुधारणेतून वाचले.

बस सरळ पूर्ववत का करत नाही, असे बायकोने विचारले तेव्हा ते नोंदवहीच्या पेनाची दोरी पुन्हा बांधू लागले.

“लागू झालेलं वेळापत्रक पंधरा दिवस बदलता येत नाही,” ते शेवटी म्हणाले. “नियम आहे.”

“कोणाचा?”

“माझा. लोक ऊठसूट बदल मागतात म्हणून केला होता.”

“मग काही वाटच नाही?”

“प्रवाशांची लेखी तक्रार आली तर आगारप्रमुख बदलू शकतात. किमान तीस सह्या लागतात.”

तिने वही ओढली. अशा रीतीने रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बायकोने नवऱ्याविरुद्ध तक्रार लिहिली, आणि नवऱ्याने ती तपासली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कोणाला? ‘मनमानी बदल’ असे तिने लिहिले होते. त्याने सुचवले की ‘मनमानी’ शब्दाने अर्ज रेंगाळतो, त्याऐवजी नियम सत्तावीसचा, म्हणजे सहीपूर्वी शेवटची ओळ वाचण्याच्या नियमाचा, भंग म्हणावे, ते कोणालाच नाकारता येत नाही. तिने दोन्ही ठेवले. सोमवारी प्रयोगशाळेतल्या बत्तीस जणांनी सह्या केल्या. तिची तिसरी होती.

बुधवारी आगारप्रमुख बाईंनी मिनिटरावांना बोलावले. खोलीत अकरा क्रमांकाचा चालक आधीच उभा होता. पन्नाशीचा, भुवया पांढऱ्या झालेला माणूस. काखेत एक फुगलेली फाईल. मिनिटराव त्याला नावाने ओळखत नव्हते पण क्रमांकाने चांगले ओळखत होते, कारण गेल्या तीन वर्षांत त्यांनी त्याला एक्केचाळीस ज्ञापने पाठवली होती. विषय नेहमी एकच: दहा पाचची फेरी तीन मिनिटे उशिरा सुटली, खुलासा करावा. खुलासाही नेहमी एकच येई: ‘दाराला वेळ लागला.’ मिनिटरावांनी ते दार चार वेळा कार्यशाळेत तपासून घेतले होते. कारागिरांनी चारही वेळा लिहून दिले होते की दार उत्तम आहे. आगाराच्या दर्शनी भिंतीवर ‘वक्तशीर चालक’ असा फलक होता. त्यावर या माणसाचे नाव कधी लागले नाही ते याच तीन मिनिटांपायी.

आगारप्रमुख बाई म्हणाल्या की फेरी पूर्ववत होईल, त्यात प्रश्न नाही. पण दहा पाच ही वेळ तरी बरोबर आहे का, हे त्यांना चालकाकडून ऐकायचे होते.

“नाही, मॅडम,” चालक म्हणाला. “दहा पाचला तिथं कोणीच नसतं. माणसं दहा आठला येतात.”

मिनिटरावांनी सांगितले की प्रयोगशाळेचे फाटक ते थांबा अंतर चारशे मीटर आहे, चालायला पाच मिनिटे पुरतात. त्यांनी स्वतः मोजले आहे.

“चालायला पाचच लागतात, साहेब. पण हात धुवायला तीन लागतात. रक्ताचं काम असतं त्यांचं. ड्यूटी संपली तरी हात धुतल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत.” त्याने टेबलावरच्या अर्जाकडे बोट केले. “त्या तिसऱ्या सहीवाल्या बाई आहेत ना, त्याच पहिल्यांदा धावत आल्या होत्या. तीन वर्षं झाली. गाडी हलली होती, मी थांबवली. हात ओले, धाप लागलेली. मी म्हटलं, एवढं काय, पुढची आहे की तासाभरानं. तर म्हणाल्या, ‘काका, घरी मुलं जागी असतात.’ एवढंच. आता यावर मी दार लावणार का?”

आगारप्रमुख बाईंनी अर्ज उचलला, तिसऱ्या सहीतले आडनाव वाचले, मिनिटरावांकडे पाहिले, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

“दररोज?” मिनिटरावांनी विचारले.

“दररोज. तुमचा मेमो कधीमधी यायचा. खोटं मी कधी लिहिलं नाही, साहेब. दारालाच वेळ लागायचा. मी ते उघडं धरून बसायचो.” तो जरा घुटमळला. “नव्या टायमालासुद्धा पहिल्या दिवशी नऊ त्रेचाळीसपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊ चाळीसला सुटतोय, अगदी घड्याळासारखा. मेमो बंद झाले तुमचे. बरं नाही वाटलं.”

मिनिटरावांच्या आयुष्यात तीन मिनिटे इतकी मोठी कधी झाली नव्हती. तीन वर्षे आपल्या घरातली वीस मिनिटे एका परक्या माणसाने रोज रात्री स्वतःच्या नावावर ठपका घेऊन राखली होती, आणि त्या ठपक्यावर सही आपली होती. एक्केचाळीस सह्या. त्यांना आभार मानायचे होते. पण नियमावलीच्या बासष्ट पानांत त्या कामाचा नमुना नव्हता.

“त्या बाई,” ते म्हणाले. “त्या आमच्या घरातल्या.”

चालकाने काखेतली फाईल चाचपली, जणू तिच्यातले कागद आता निराळे झाले असावेत.

“म्हणजे ती मुलं तुमची,” तो म्हणाला. “मोठी झाली असतील आता.”

“झाली. पण जागी असतात.”

एक्केचाळीस ज्ञापने त्याच दिवशी मागे घेण्यात आली. मागे घेण्याचे कारण लिहावे लागते; मिनिटरावांनी लिहिले, ‘दाराबाबत माहिती अपुरी होती.’ फेरीची वेळ दहा दहा ठरली, कारण दहा आठ हा आकडा प्रवाशांच्या लक्षात राहत नाही असे बाईंचे मत पडले. संध्याकाळची फेरी पुन्हा सात पाचला गेली. मिनिटराव पुन्हा सात चाळीसला घरी पोहोचले आणि पावणेनऊची झोप फ्रिजवरच्या तक्त्यात निराधार लटकत राहिली.

त्या रविवारी थोरली नियमावली घेऊन टेबलाशी बसली. बासष्ट पाने तिने वाचली होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या. मिनिटरावांना एकाच वेळी भीती वाटली आणि अभिमानही. बापाच्या आयुष्यात या दोन गोष्टी बहुधा जोडीनेच येतात.

“नियम चौदा,” ती म्हणाली. “पुढचा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत कोणीही ड्यूटी सोडू नये. बाबा, तुम्ही दहाला झोपता. आई पावणेअकराला येते. मधे पाऊण तास घराचा ताबा कोणाकडे?”

“दाराला कडी आहे.”

“कडी कर्मचारी नाही.”

मिनिटरावांनी नियम चौदा स्वतः पुन्हा वाचला.

“आणि नियम एकवीस,” धाकटा म्हणाला. त्याने एवढेच पाठ केले होते. “दोन तुकड्यांत ड्यूटी असेल तर विश्रांतीही दोन तुकड्यांत घेता येते. आम्ही शाळेतून आल्यावर झोपणार. पावणेतीन ते सव्वापाच. रात्री सव्वाअकरा ते पावणेसहा. बेरीज करा.”

मिनिटरावांनी बेरीज केली. नऊ तास येत होते, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. त्यांनी पुन्हा केली, कारण एवढी सुंदर बेरीज एकदाच करून सोडवत नव्हती. मग त्यांनी तक्ता काढला, नवा लिहिला, आणि आई-मुलांच्या वीस मिनिटांची जागा रिकामी न ठेवता तिथे स्वच्छ अक्षरात लिहिले: ताबा देणे-घेणे. संध्याकाळी ते बाजारातून चौथे स्टूल घेऊन आले.

महिन्याभराने शाळेची तिसरी चिठ्ठी आली. धाकटा आता वर्गात जागा असतो. झोपेची शिस्त लावल्याबद्दल शाळा पालकांचे अभिनंदन करते आणि पुढच्या सभेत त्यांनी चार शब्द बोलावेत अशी इच्छा बाळगते. मिनिटराव गेले. कोणत्या वेळेने हा चमत्कार घडला असे मुख्याध्यापिकेने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, सव्वाअकराच्या. सभागृहात कुजबुज झाली. मागच्या रांगेतल्या त्याच आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, शाळा सातला का भरते? मुख्याध्यापिकेने पुन्हा घड्याळाकडे पाहिले.

“वेळापत्रक बदलता येतं, बाई,” मिनिटराव अत्यंत नम्रपणे म्हणाले. “मी बदलून पाहिलंय. फक्त सही करण्याआधी शेवटची ओळ वाचावी लागते. तिथं कोणीतरी उभं असतं.”

शाळा अजून सातलाच भरते.

त्याच आठवड्यात संगणकाने एक ज्ञापन छापून मिनिटरावांच्या टेबलावर आणून टाकले: दहा दहाची फेरी तीन मिनिटे उशिरा, दहा तेराला. त्यांनी चौकशी केली. दहा आठची दहा दहा झाल्यावर मुलांची आई आता न धावता वेळेवर पोहोचत होती. पण प्रयोगशाळेच्याच इमारतीतल्या क्ष-किरण विभागातल्या एक गुडघेदुखीच्या बाई, ज्यांनी ही बस मिळण्याची आशा वर्षांपूर्वीच सोडली होती, त्या हळूहळू येऊ लागल्या होत्या. मिनिटरावांनी ज्ञापन चालकाकडे पाठवले नाही. खुलाशाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘दाराला वेळ लागला’, आणि खाली सही केली. कागद आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता.

महिनाभर रिकाम्या राहिलेल्या चौथ्या स्टुलासाठी त्या रात्री ते प्रथमच दहानंतर जागे राहिले, निदान तसा प्रयत्न त्यांनी केला. दहा पन्नासला किल्ली वाजण्याआधीच त्यांनी दार उघडून धरले. बायको आत आली, तिने त्यांच्याकडे पाहिले आणि कसली बातमी आहे का, असे घाबरून विचारले. काही नाही, ते म्हणाले. चौघे स्वयंपाकघरात बसले. मिनिटरावांना चालकाबद्दल सांगायचे होते, हातांबद्दल, त्या तीन मिनिटांबद्दल, आणि आणखीही एक वाक्य होते जे सोळाव्या वर्षी जमत नाही आणि पन्नाशीतही फारसे जमत नाही. ते वाक्य जुळवत असतानाच त्यांचे डोके भिंतीला टेकले.

सकाळी पाचला डबे भरताना त्यांनी नोंदवही पाहिली. आई, थोरली, धाकटा: तिघांच्या सह्या अकरा अठराच्या, विलंब तीन मिनिटे, कारणाचा रकाना कोरा. त्यांच्या स्वतःच्या नावापुढे धाकट्याच्या अक्षरात वेळ होती दहा चोपन्न, आणि कारण: ‘स्टुलावरच ड्यूटी समाप्त. ताबा आईने घेतला.’

मिनिटरावांनी दोरीचे पेन उचलले आणि तीन कोऱ्या रकान्यांत, एकाखाली एक, दाराचा तोच खुलासा भरला. मग मुलांना उठवायला गेले. पावणेसहाला दोन मिनिटे कमी होती. ते खोलीच्या दाराशी थांबले, आणि त्यांनी ती जाऊ दिली. मग वर आणखी एक मिनिट.